पांढऱ्या लिफाफ्यातली बाई

१२ फेब्रुवारी

टपालपेटी क्रमांक एक्केचाळीसच्या मालकीणबाई,

नमस्कार घालत नाही. जिचं नाव माहीत नाही, तोंड पाहिलेलं नाही, आणि जी माझ्या नवऱ्याला दर महिन्याला आठवणी काढून कार्डं लिहिते, तिला नमस्कार कसला घालायचा?

मी कोण ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला कानांवर हात ठेवायला जागा राहणार नाही. माझा नवरा लष्करात जड ट्रक चालवतो. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. छावणीच्या फाटकासमोर चष्म्याचं दुकान आहे, तिथे मी काचा घासून फ्रेममध्ये बसवते. नवरा मला नंबरवाली म्हणतो. दिवसभर डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून अक्षर ओळखण्यात माझा कोणी हात धरणार नाही. तुमचं अक्षर बाईचं आहे, तुम्ही डावखुऱ्या आहात, आणि लिहिताना तुम्हाला कसलीही घाई नसते. हे शेवटचं मला फार लागलं.

गेल्या आठवड्यात तो चार महिन्यांसाठी वरच्या ठाण्यावर गेला. काल लेकीच्या शाळेच्या बुटांसाठी ब्रश हवा होता म्हणून मी त्याचा पॉलिशचा डबा उघडला. डब्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेले तीन साधे पांढरे लिफाफे. पाठवणाऱ्याचं नाव नाही, कचेरीचा शिक्का नाही, नुसता पेटी क्रमांक. आत तुमची कार्डं. नोव्हेंबरचं मला पाठच झालंय: ‘तुम्ही येऊन गेलात त्याला महिना झाला. आज बाकावर ऊन आलं होतं, तेव्हा तुमची आठवण झाली. बरे असाल अशी आशा आहे. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. इथेच आहे.’

कुठला बाक? कसलं ऊन?

आता मला सगळं जुळतंय. पावसाळा सरत आला तेव्हापासून हा दर मंगळवारी दुपारी ‘टायर बघायला’ जायचा. सात मंगळवार! ट्रकला टायर असतात तरी किती? मग एकाएकी जाणं बंद झालं आणि त्याचं हसणंही बंद झालं. कामावरून आला की बूट न काढता दारातच बसायचा. लेकीने दोनदा हाक मारली तर तिसऱ्यांदा ओ द्यायचा. मला वाटायचं, मिठूच्या अपघाताचं दुःख आहे. मिठू म्हणजे त्याचा जोडीदार ड्रायव्हर, गेल्या उन्हाळ्यात गेला. मी मूर्ख, त्याच्या दुःखाची कीव करत बसले आणि इथे भलतंच पाणी मुरत होतं.

जाताना म्हणाला, ‘माझं टपाल येईल ते रसदीच्या ट्रकबरोबर वर पाठव. पांढरं पाकीट आलं तर उघडू नकोस.’ उघडू नकोस! अकरा वर्षांत मी त्याचं मन सोडून बाकी सगळं न विचारता उघडलेलं आहे.

तुम्ही कोण आहात, एवढंच कळवा. उत्तर द्यायलाच हवं.

चष्म्याच्या दुकानातली



१७ फेब्रुवारी

सप्रेम नमस्कार. तुम्ही घातला नाहीत, तरी मी घालते.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यात ज्या गृहस्थांबद्दल लिहिलंय त्यांना मी ओळखते की ओळखत नाही, यातलं काहीही मी सांगू शकत नाही. मी कोणाला लिहिते, का लिहिते, ही पेटी कसली, हेही सांगता येत नाही. तुम्ही म्हणाल, ही टाळाटाळ आहे. आहेच. पण तुमच्याबद्दल उद्या कोणी मला विचारलं, तर त्यालाही हेच उत्तर मिळेल.

माझं वय एकसष्ट आहे आणि गुडघे माझ्याहून दहा वर्षांनी मोठे आहेत. याने तुमचा संशय फिटणार नाही हे मला कळतं.

दारात बूट न काढता बसणाऱ्या माणसाबद्दल तुम्ही लिहिलंत. ती ओळ रागात लिहिली असेल, पण मला तिच्यात काळजी दिसली. इतके दिवस असा माणूस बघत घर चालवायचं म्हणजे सोपं नाही. तुम्ही कशा आहात? जेवता का वेळेवर? खाली एक टेलिफोन क्रमांक लिहिते आहे. तो कधीही उचलला जातो. तुमच्यासाठीसुद्धा.

डावखुरी



१७ फेब्रुवारी

डॉक्टर,

तुम्ही पंधरा दिवस बाहेर आहात म्हणून हे लिहून पाठवते. माझ्यापुढे पेच पडला आहे.

तो ट्रक ड्रायव्हर आठवतो? मित्र गेल्यावर त्याला स्वतःचंही जगणं नकोसं झालं होतं. सात मंगळवार आपल्या केंद्रात येऊन बोलला. आठव्या मंगळवारी जिन्यात त्याच्याच कचेरीतला कारकून दिसला. तो तसाच खाली उतरला, पुन्हा आला नाही. लष्करातल्या माणसाला गोळीची भीती नसेल इतकी आपल्या केंद्राच्या पाटीची असते. वर जायच्या आधी फोनवर एवढंच म्हणाला, ‘बाई, कार्ड तेवढं पाठवत जा. वर ठाण्यावर नको, तिथे मैदानात उभं करून पाठवणाऱ्याच्या नावासकट टपाल पुकारतात. घरी पाठवा, बायको पाठवेल.’

आता बायकोला ती कार्डं सापडली आहेत आणि तिने मला सवत ठरवलं आहे. आयुष्यात पहिल्यांदाच हा मान मिळाला, तोही निवृत्तीच्या उंबरठ्यावर. पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. केंद्राचं नाव सांगितलं तर त्याचं गुपित मी फोडलं असं होईल. नाही सांगितलं तर त्यांचं घर मोडेल. त्याला विचारून सांगावं म्हटलं, तर ते विचारणारं पत्रसुद्धा तिच्याच हातून जाणार. वर फोन एकच, ठाण्याच्या प्रमुखाच्या टेबलावर.

काय करू?



२० फेब्रुवारी

बाई,

गुपित त्याचं आहे, आपल्याला मोडता येणार नाही. मात्र जिवाला धोका आहे असं दिसलं, तर त्या क्षणी मोडायचं आणि मला विचारत बसायचं नाही. तोवर कार्ड चुकवू नका. कार्डाने काय होतं असं लोक विचारतात. मीही विचारायचो. आपल्याकडून काहीही न मागता कोणीतरी आपल्याला लक्षात ठेवून आहे, एवढंच त्यात असतं. काही माणसांना तेवढ्यावर एक महिना ओलांडता येतो.

डॉक्टर



८ मार्च

प्रिय नंबरवाली,

इथे हवा इतकी कोरडी आहे की हसलं तर ओठ फुटतात. बरंय, फारसं हसावं लागत नाही. स्वयंपाकी रोज एकच सूप करतो, त्यातला बटाटा शोधायला शोधपथक पाठवावं लागतं. त्याच्याकडे घड्याळ नाही म्हणून जेवणाला रोज उशीर. मी माझं देऊन टाकलं. त्याला वेळेशी काम आहे, मला काय करायचंय?

टपाल काही आलं का? दोन ट्रक येऊन गेले, ताईचं एक पत्र मिळालं, बाकी काही नाही. पांढरं पाकीट असेल. बघ जरा, कुठे सांदीत पडलं असेल.

पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवला की बंद होतो, तू नेहमी उलटा फिरवतेस. घराचे कागद हिरव्या फायलीत आहेत. लेकीचे दाखले तिच्यातच ठेवलेत. तुला सगळं ठाऊक असलेलं बरं.

तुझा
ट्रकवाला



१६ मार्च

ट्रकवाले साहेब,

पांढरं पाकीट? नाही बाई. वीज खात्याचं आलं, ते पिवळं. शाळेचं आलं, ते निळं. तुला पांढऱ्याचाच एवढा ध्यास का लागलाय? पत्रात माझ्या खोकल्याबद्दल एक अक्षर नाही, लेकीच्या परीक्षेबद्दल नाही, आणि पाकिटाबद्दल तीन ओळी.

आणि ते घड्याळ मी दिलेलं होतं. लेक झाली तेव्हा. दुसऱ्याला देताना तुझा हात जरासुद्धा अडला नाही?

व्हॉल्व्ह कुठे फिरवायचा ते तू आल्यावर फिरवून दाखव. मला लेखी सूचना नकोत. माझ्या घराचे कागद कुठे आहेत हे मला सांगायची वेळ का यावी, हेही जरा कळव.

नंबरवाली

(लेक म्हणते, बाबांना सांग, सायकलचं मागचं चाक पुन्हा बसलं.)



२ एप्रिल

प्रिय नंबरवाली,

घड्याळाचं चुकलं. माफ कर.

पाकीट नाही आलं तर नाही. विचारायला नको होतं. महिन्याला एक यायचं, तेवढं तरी चालू राहील असं वाटलं होतं. त्यांचंही बरोबर आहे. एका माणसाच्या मागे किती दिवस लागायचं?

माझ्यामुळे तुझी फार ओढाताण झाली. मी बघत होतो, दिसत नव्हतं असं नाही. आता फार दिवस नाही. तुझी वाट मोकळी होईल. तू हुशार आहेस, दोन हातांची कमाई आहे, तुझं अडणार नाही. लेकीला सायकलवर तोल सांभाळायला शिकवायचं राहिलं. ताईच्या नवऱ्याला सांग, तो तिला ओरडत नाही.

इथे सगळ्यांना वाटतंय मी बरा झालो. गेल्या दोन दिवसांत मन अगदी शांत आहे. बऱ्याच दिवसांनी असं वाटलं.

सांभाळून राहा.



९ एप्रिल

टपालपेटी एक्केचाळीस,

घ्या. जिंकलात.

परवा तुम्ही दुकानात फोन केलात ना? बाईचा आवाज, माझ्याच नावाची चौकशी. मी रिसीव्हर आपटला आणि दुकानदारापुढे ‘चुकीचा नंबर’ म्हणाले. चष्म्याच्या दुकानात चुकीचा नंबर! ते बिचारे हसत बसले.

तुमची फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलची तिन्ही कार्डं माझ्याकडे आहेत. शिवणाच्या डब्यात, दाभणाखाली. एकही वर पाठवलं नाही. तो विचारत राहिला, मी नाही म्हणत राहिले. त्यात मला मजा वाटली हेही कबूल करते. तो तिकडे तुमच्या पाकिटासाठी तडफडत होता, तेवढा माझ्या पत्रासाठी अकरा वर्षांत कधी तडफडला नाही.

आता त्याचं हे वाचा. मी त्याच्याच शब्दांत उतरवून काढते. ‘आता फार दिवस नाही. तुझी वाट मोकळी होईल.’ घराचे कागद कुठे आहेत ते सांगून झालं. घड्याळ देऊन झालं. लेक मेहुण्याच्या गळ्यात घालून झाली. आणि वर म्हणतो, ‘गेल्या दोन दिवसांत मन अगदी शांत आहे.’ सोडायचं ठरलं की माणूस शांत होतो म्हणे. माझं मात्र जेवण जात नाही.

नवरा पळवायचा होता तर समोर येऊन पळवायचा होता. मला निदान तुमच्या डोळ्यांत बघता आलं असतं. तेवढं माझं काम आहे.



१० एप्रिल, सकाळी साडेदहा

हे पत्र आमच्याकडची नर्स स्वतः घेऊन येते आहे. तिला दुकानात घ्या आणि हे वाचून होईपर्यंत ती बसेल, तिला बसू द्या.

तुमचं पत्र सव्वानऊला उघडलं. दुकानात दोनदा फोन केला, तुम्ही आवाज ओळखून ठेवून दिलात. त्या दिवशीचा फोनही माझाच होता, तुम्ही कशा आहात ते विचारायला. मग मी वरच्या ठाण्यावर फोन केला. आधी हे सांगते: तुमचे यजमान सुखरूप आहेत. ठाण्यावरचा डॉक्टर त्यांच्याजवळ बसला आहे आणि त्यांना एकटं सोडणार नाही. बंदूक आणि ट्रकच्या चाव्या काढून घेतल्या आहेत. उद्या त्यांना खालच्या इस्पितळात आणतील.

आता माझं गुपित. खरं तर त्यांचं. ते मी त्यांना न विचारता सांगते आहे, त्याचा दोष माझ्याकडे.

ही पेटी एका केंद्राची आहे. सैन्यातली माणसं आणि त्यांच्या घरची माणसं तिथे येऊन बोलतात. ज्यांना जगणं नकोसं झालंय, त्यांच्याशी बोलणं हे माझं तेहतीस वर्षांचं काम. तुमचे यजमान सात मंगळवार येत होते. येणं थांबलेल्या प्रत्येकाला आम्ही महिन्यातून एकदा कार्ड लिहितो. हातानेच लिहितो, छापत नाही. लिफाफ्यावर नाव घालत नाही, कारण ते नाव छावणीत कोणी वाचलं तर माणूस पुन्हा आमच्याकडे फिरकत नाही. तो बाक माझ्या टेबलासमोर आहे. त्यावर दुपारी ऊन येतं.

वस्तू देऊन टाकणं, कागद कुठे आहेत ते सांगणं, ‘तुझी वाट मोकळी होईल’, आणि एकाएकी आलेली शांतता. तुम्ही त्यातून परस्त्री वाचलीत. मी वाचलं की हा माणूस मरायची तयारी करतोय. तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या हातात निम्मीच चिठ्ठी होती, आणि ती निम्मी ठेवणारी मी होते.

दुपारी दोन वाजता ठाण्यावरून तुम्हाला दुकानात फोन येईल. त्यांना सरळ विचारा, मरायचा विचार येतो का म्हणून. आडवळणाने नको. विचारलं की तो विचार डोक्यात शिरेल, अशी लोकांना भीती वाटते. तसं होत नाही. आत एकट्याने कोंडून बसलेल्याला कोणीतरी दार वाजवल्यासारखं होतं. मग ते जे सांगतील ते ऐका. समजूत घालू नका, लेकीची शपथ घालू नका, रडू आलं तर रडा.

डावखुरी



११ एप्रिल

माझ्या ट्रकवाल्या,

काल फोनवर मी सरळ विचारलं. तू ‘हो’ म्हणालास. अकरा वर्षांत तू मला दिलेलं सगळ्यात खरं उत्तर ते असेल. मी काहीच बोलले नाही, कारण बाईंनी बजावलं होतं, समजूत घालू नका. नाहीतर तू मला ओळखतोस, मी समजुतीचं पोतंच उघडलं असतं. फोन ठेवल्यावर नर्सच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडले की तिच्या गणवेशाची बाही पिळावी लागली.

आता माझा गुन्हा. पांढरी पाकिटं आली होती. तीन. मी दाबून ठेवली. तुला खोटं लिहिलं. मला वाटलं, तुझी कोणी बाई आहे. तू त्या पाकिटांच्या आधारावर तिथे उभा होतास आणि मी तो आधार शिवणाच्या डब्यात टाकून वर दाभण ठेवलं. हे मला आयुष्यभर टोचणार आहे आणि टोचू दे.

तिन्ही सोबत पाठवते. एक फोडलेलं आहे, फेब्रुवारीचं. बाकी दोन उघडायची माझी हिंमत झाली नाही. तुझी त्यात खरंच कोणी असेल, या भीतीने.

तू लिहिलंस की माझी वाट मोकळी होईल. गाढवा, मला वाट मोकळी कशाला हवी? त्या वाटेवर तू आडवा बसलेलाच बरा. बूट घालून बस, चालेल. व्हॉल्व्ह मी मुद्दाम उलटा फिरवते. तू उठून येतोस म्हणून.

मी तुझ्यावर चिडले आहे, घाबरले आहे, आणि माझं तुझ्यावाचून खरंच अडतं. हे तिन्ही एकदम.

तुझीच
नंबरवाली



३ मे

प्रिय नंबरवाली,

इस्पितळातली खिडकी मोठी आहे. खाली दोन माणसं रोज एकच भिंत रंगवतात, अजून संपली नाही. मी त्यांच्यावर लक्ष ठेवून असतो. तुझा गुण लागला.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तू रविवारी येऊन समोर बसलीस तेव्हाही तोंडातून फुटली नाही, म्हणून लिहितो. मिठूचा अपघात नव्हता.

सहा वर्षं आम्ही एका केबिनमध्ये बसलो. नाव मिठू पडलं कारण त्याची बडबड थांबायची नाही. शेवटच्या आठवड्यात थांबली. मी म्हटलं, चला, जरा कानांना विश्रांती. त्या संध्याकाळी तो म्हणाला, ‘बसतोस का जरा?’ मी म्हटलं, ‘ब्रेक तपासायचेत रे, उद्या.’ ब्रेक ठीक होते, नंबरवाली. मला नुसता कंटाळा आला होता. सकाळी तो नव्हता. सगळ्यांनी अपघात म्हटलं, कागदावरही तेच लिहिलं, आणि त्याच्या बायकोच्या डोळ्यांत बघून मीही तेच म्हणालो.

केंद्रात हे सांगितलं तेव्हा बाईंनी खुर्ची थोडी जवळ ओढली. मग जिन्यात तो कारकून दिसला. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एकाने विचारलं, ‘ट्रक नीट चालवशील ना रे?’ सगळे हसले. तेव्हापासून मला प्रत्येकाच्या नजरेत तोच प्रश्न दिसायचा. तुझ्याही. तू मला चोरून बघायचीस ना, मला वाटायचं तुलाही कळलंय आणि तू मोजते आहेस, हा अजून किती दिवस कामाचा आहे. आता कळलं, तू दुसरंच शोधत होतीस. आपण दोघं एकमेकांवर पहारा करत होतो, बोलत मात्र नव्हतो.

चाव्या काढून घेतल्या तेव्हा मला शिक्षाच वाटली. ठाण्यावरचा डॉक्टर पोरगेलासा आहे. म्हणाला, ‘तुमचा पाय मोडला असता तर मी तुम्हाला धावायला लावलं असतं का?’

तो विचार अजून येतो. खोटं सांगत नाही. पण आता आला की मी नर्सला सांगतो, ‘आलाय,’ आणि ती स्टूल घेऊन बसते. थोड्या वेळाने जातो.

तुझ्यावर राग नाही. तीन कार्डं एकदम मिळाली, तर एप्रिलचं मी अजून फोडलेलं नाही. शिल्लक ठेवलंय.

तुझा
ट्रकवाला



३० मे

डावखुऱ्या बाई,

सप्रेम नमस्कार. या वेळी मीही घालते.

कबुलीजबाब आधी. गेल्या महिन्यात नर्स आली, तुमचं पत्र आलं, तरी माझ्या मनातली पाल चुकचुकायची काही थांबेना. एका दुपारी मी तुमच्या इमारतीसमोरच्या बेकरीत पाऊण तास बसले. कोण जातं, कोण येतं ते पाहिलं. मग जिना चढून वर आले. दार उघडं होतं. तुम्ही डाव्या हाताने कार्ड लिहीत होता, शेजारी पांढऱ्या लिफाफ्यांचा हा एवढा गठ्ठा! मी मनात म्हटलं, एवढ्या जणांशी लफडं करायचं तर बाईला जेवायला कधी फुरसत मिळत असेल. तुम्ही मान वर करायच्या आत मी उतरले. जिन्यात एक तरुण जवान वर येताना दिसला. मला बघून कचरला. मी त्याला म्हटलं, ‘जा बाळा, मीही तिथूनच आलेय.’ तो वर गेला.

तुमच्या चष्म्याची डावी काच सैल आहे. दुकानात या, बसवून देईन.

तो घरी येऊन दहा दिवस झाले. मंगळवारी तुमच्याकडे येतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता टायर वगैरे काही सांगत नाही, ‘बाईंकडे जातो’ म्हणून शेजाऱ्यांदेखत निघतो. माझा एक डोळा अजून त्याच्यावर असतो. कधी न्हाणीघरात जास्त वेळ लागला तर मी दार वाजवते. तो आतून ओरडतो, ‘आहे, आहे, साबण सापडत नाहीये!’ एवढं ऐकलं की मी पुन्हा भाजी चिरायला लागते. काल संध्याकाळी तो लेकीची सायकल धरून मैदानभर धावत होता आणि मी पायरीवर बसून ते बघत राहिले.

मिठूच्या बायकोकडे आम्ही दोघं गेलो. त्याने तिला खरं सांगितलं. ती म्हणाली, ‘मला माहीत होतं, पण कोणी माझ्यापाशी बोलतच नव्हतं.’ तिचा पत्ता पाठीमागे लिहिला आहे. तिने स्वतः सांगितलंय, लिहा म्हणून. लिफाफा पांढराच असू दे.

सोबत त्याचं पाकीट आहे, तुमच्यासाठी. मी उघडलेलं नाही. उजेडात धरलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू, पण कागद जाड निघाला.

चष्म्याच्या दुकानातली



(सोबतचं कार्ड)

बाई,

कार्डं मिळाली. मे महिन्याचं धरून सात. एप्रिलचं काल फोडलं.

उत्तर द्यायलाच हवं असं नाही, असं तुम्ही दर वेळी लिहिता. म्हणूनच देतोय.

आज दारात ऊन आलं होतं. बूट काढून बसलो.

इथेच आहे.